दगडांची हजेरी

बालमित्रांनो, शाळेत रोज सकाळी काय होतं? आधी प्रार्थना, मग हजेरी. बाईंनी नाव घ्यायचं आणि तुम्ही "हजर!" म्हणून ओरडायचं. दिवसभर तोंडातून शब्द न काढणारा मुलगासुद्धा हजेरीला मात्र कसा खणखणीत आवाज काढतो! पण दगडांची, भिंतींची, विहिरींची हजेरी घेतलेली तुम्ही कधी ऐकली आहे का? आम्ही घेतो, बरं का. वर्षातून एकदा, दिवाळीच्या सुट्टीत, आमच्या भिंगारात.

भिंगार कुठं आलं म्हणाल, तर अहिल्यानगर शहराला अगदी खेटून. (२०२४ पर्यंत शहराचं आणि जिल्ह्याचं नाव अहमदनगर होतं, हे तुम्हाला ठाऊक असेलच.) पाथर्डीकडे जाणारा रस्ता आमच्या गावावरून जातो. एका बाजूला बाजार, बोळ, जुने वाडे आणि दुसऱ्या बाजूला लष्कराची छावणी. इथं रणगाड्यांवरच्या जवानांना शिक्षण मिळतं. त्यामुळे आमच्या वर्गातल्या मुलांना पाढे नीट येवोत न येवोत, रणगाड्याचे भाग मात्र तोंडपाठ! १९९४ साली रणगाड्यांचं एक संग्रहालयही इथं सुरू झालं. ते पाहायला लांबून लांबून लोक येतात.

पाहुणे मंडळी कधी कधी म्हणतात, "भिंगार म्हणजे नगरचं उपनगरच की!" मला असा राग येतो! अहो, १४९० साली अहमद निजामशहाने बहमनी फौजेला हरवलं ते भिंगारजवळ. आणि नगर शहर वसवायला सुरुवात झाली ती त्यानंतर, १४९४ साली. म्हणजे गाव आधीचं आणि शहर मागून आलेलं. आता तुम्हीच सांगा, यात थोरली बहीण कोण आणि धाकटी कोण?

तर अशा या थोरल्या बहिणीच्या अंगावर जे जुने दागिने अजून शिल्लक आहेत, ते मोजायचं काम आमची समिती करते. समिती म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे टेबल, खुर्च्या, चहाचे कप आणि पाटी आली असेल. तसलं काही नाही. आम्ही दोन-तीन शिक्षक, चार पालक, फौजेतून निवृत्त झालेले एक सुभेदारकाका आणि पाचवी ते सातवीची मुलं, एवढीच आमची समिती. तिला नाव नाही, पावतीपुस्तक नाही. एक वही आहे. दोनशे पानी, जाड पुठ्ठ्याची. आणि एक तीस मीटरची टेप, ती सुभेदारकाकांची. ती ते कुणाच्याही हातात देत नाहीत. टेपचं एक टोक मुलाने धरायचं आणि दुसरं त्यांनी, हा नियम.

वहीत काय लिहितो? डाव्या बाजूला जुन्या वस्तूचं नाव, ती कुठं आहे, कशाची आहे. उजव्या बाजूला दर वर्षाचा एक रकाना. त्यात तीनच शेरे मांडायचे: 'आहे', 'मोडकळीस आलं' आणि 'गेलं'. यादीत साठ-सत्तर नोंदी आहेत. कुठं वाड्याची कोरीव चौकट, कुठं आडाचा दगडी कठडा, कुठं देवळापुढची दीपमाळ, कुठं मारुतीच्या पाराला टेकून ठेवलेला वीरगळ. वीरगळ म्हणजे लढाईत मेलेल्या वीराच्या आठवणीसाठी कोरलेला दगड. खाली लढाई, मधे स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा आणि वर शिवपिंडीची पूजा, अशी चित्रं त्यावर बहुतेक असतात. आमच्या वीरगळाला भाविकांनी इतक्यांदा रंग दिलाय की त्यातला वीर आता घोड्यावर बसलाय की म्हशीवर, हे ओळखता येत नाही! मुलांनी त्याच्यापुढे शेरा मांडला: 'आहे, पण दिसत नाही.' चौथा शेरा वहीत नव्हता. तो त्या दिवसापासून आला.

मोठ्या इमारतींना आमच्या हजेरीची तशी गरज नाही. त्यांची देखभाल करायला मोठी माणसं आहेत. भुईकोट किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे. फराहबाग, दमडी मशीद आणि डोंगरावरची सलाबतखानाची कबर या वास्तू केंद्र सरकारच्या पुरातत्त्व खात्याने संरक्षित केल्या आहेत. हे खातं १८६१ सालचं, म्हणजे आपल्या सगळ्यांच्या पणजोबांच्याही आधीचं. पण आम्ही त्यांचीही नावं वहीत ठेवली आहेत. का? तर पहिली पानं भरलेली दिसली की मुलांना हुरूप येतो! शिवाय त्या निमित्ताने वर्षातून एकदा तिथं जाणं होतं.

किल्ल्याचं पान आम्ही ऑगस्टमध्ये भरतो. हा किल्ला आधी मातीचा होता. १५५९ ते १५६२ या काळात हुसेन निजामशहाने तो दगडात बांधून काढला. डोंगरावर नाही, सपाट जमिनीवर, म्हणून भुईकोट. भोवती रुंद खंदक. चांदबिबीने मोगलांशी झुंज दिली ती इथूनच. १५९६ साली मोगलांनी सुरुंग लावून तटाला भगदाड पाडलं. ती स्वतः तिथं उभी राहिली आणि रातोरात ते भगदाड बुजवून घेतलं. सुभेदारकाका ही गोष्ट सांगताना दर वर्षी एकच वाक्य बोलतात, "डागडुजी म्हंजे अशी पायजे, एका रातीत!" आणि मुलं दर वर्षी हसतात.

याच किल्ल्यात १९४२ च्या ऑगस्टमध्ये इंग्रज सरकारने काँग्रेसच्या बारा पुढाऱ्यांना आणून कोंडलं. पंडित नेहरू, सरदार पटेल, मौलाना आझाद, आचार्य कृपलानी, आपले शंकरराव देव... नेहरूंनी 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' हे पुस्तक १९४४ साली इथं बसून लिहिलं, हे बहुतेकांना माहीत असतं. पण मुलांना त्याहून आवडतात त्या मौलाना आझादांच्या चिमण्या. त्यांच्या खोलीत चिमण्यांनी घरटी बांधायचा सपाटा लावला होता. आधी मौलानांनी त्यांच्याशी लढाई केली, मग हरून दाणे टाकायला लागले आणि दोस्ती केली! 'गुबार-ए-खातिर' या त्यांच्या उर्दू पुस्तकात ही सगळी हकिगत आहे. गेल्या वर्षी एका मुलीने किल्ल्याच्या पानावर 'आहे' असा शेरा मांडून खाली लिहिलं, 'चिमण्या: पाच दिसल्या.'

दमडी मशीद किल्ल्यापासून जवळच. १५६७ सालची. लहानशी, पण दगडावरचं कोरीवकाम बघत राहावं असं. गावात तिची एक गोष्ट सांगतात. किल्ल्याचं काम चाललं होतं तेव्हा मजुरांनी आपल्या मजुरीतली एकेक दमडी बाजूला टाकली आणि त्यातून ही मशीद उभी राहिली. दमडी म्हणजे पैशाहूनही लहान नाणं. "दमडीची कोंबडी, रुपयाचा मसाला" ही म्हण ऐकली आहे ना? तीच ही दमडी. ती बांधणारा साहिरखान नावाचा सरदार होता, असं जाणकार सांगतात. मग मजुरांची गोष्ट खोटी म्हणायची का? आम्ही वहीत दोन्ही लिहिलंय. 'लोक सांगतात' या शब्दांखाली एक, 'पुस्तकात आहे' या शब्दांखाली दुसरं. या दोन रकान्यांची सरमिसळ करायची नाही, एवढं मात्र मी मुलांकडून घोटून घेतलंय.

अशीच सरमिसळ डोंगरावर झाली आहे. पाथर्डी रस्त्याने गेलं की उजव्या-डाव्या टेकड्यांमध्ये एका डोंगराच्या माथ्यावर आठ कोनांची उंच इमारत दिसते. कुणालाही विचारा, तो म्हणेल, "चांदबिबीचा महाल!" पण तिथं चांदबिबी कधी राहिली नाही. ती मुर्तझा निजामशहाचा वजीर सलाबतखान याची कबर. फराहबागेतला तळ्याच्या मधोमध असलेला महाल १५८३ साली पुरा झाला, तोही याच सलाबतखानाच्या देखरेखीखाली. बिचारा वजीर! आयुष्यभर काम केलं आणि नाव लागलं दुसरीचंच. मुलांना हे फार लागलं. तेव्हापासून आमच्या शाळेच्या सहलीच्या फलकावर 'सलाबतखानाची कबर' असंच लिहितात आणि कंसात, लहान अक्षरात, 'म्हणजे चांदबिबी महाल', नाहीतर आईबाबा सहलीचे पैसेच द्यायचे नाहीत.

या कबरीच्या भिंतींवर आणखी बरीच नावं आहेत. ती मात्र निजामशाहीतली नाहीत! कोळशाने, खडूने, खिळ्याने कोरलेली. वहीत नोंद करताना आमच्यातल्या एका मुलाला तिथं आपल्या मामांचंच नाव सापडलं, बाणासकट, बदामासकट. तो काही बोलला नाही. घरी गेल्यावर जेवायला बसताना त्याने सगळ्यांसमोर विचारलं, "मामा, ते दुसरं नाव मामीचं तर नाही?" पुढं काय झालं ते मी विचारलं नाही. पण संरक्षित वास्तूची अशी खराबी केली तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात, हे २०१० साली कडक केलेल्या कायद्याचं कलम त्या मुलाने चुलीमागच्या भिंतीवर लिहून चिकटवलंय म्हणे.

आणि हो, पुसायलाही आपण जायचं नाही हं! घासणी घेऊन भिंत घासली तर नावाबरोबर दगडाचं कवचही निघतं. संरक्षित वास्तूत आपण फक्त आजूबाजूचा कचरा उचलायचा, तोही परवानगी घेऊन. बाकी काम त्या खात्याच्या माणसांचं.

एका पानावरून मात्र आमच्यात वाद झाला होता. औरंगजेब बादशहा १७०७ साली वारला तो भिंगारजवळच्या छावणीत. त्याला पुरलं खुलताबादला, पण तो वारला ती जागा आमच्याकडे दाखवतात. एक पालक म्हणाले, "बाई, ज्यानं संभाजी महाराजांचे हाल केले त्याचं पान आपल्या वहीत कशाला?" त्यांचा राग मला समजत होता. मी एवढंच म्हटलं, "माझ्या वर्गात शहाण्या मुलांची हजेरी लागते, तशी खोडकरांचीही लागते. खोडकरांची तर आधी बघते मी!" ते हसले नाहीत, पण पान राहिलं. आणि त्या पानावर सातवीच्या मुलांनी स्वतःहून लिहिलं की सत्तावीस वर्षं मराठ्यांशी लढून हा बादशहा दिल्लीला परत न जाता इथंच संपला. आता ते पालकच पाहुण्यांना ते पान उघडून दाखवतात.

आता आमच्या खऱ्या कामाकडे वळू. ज्या वस्तूंना कुणी वाली नाही, ज्यांच्यावर निळी सरकारी पाटी नाही, त्या वस्तू. तिथं आमची वही.

पावसाळ्यात आम्ही पिंपळ शोधतो. पक्षी पिंपळाची फळं खातात आणि भिंतीवर बसून बी टाकतात. पहिल्या पावसात तळहाताएवढं रोप दिसतं. किती गोजिरवाणं वाटतं ते! पण त्याची मुळं फटीत शिरतात, जाड होतात आणि दहा-पंधरा वर्षांत दगड दूर सारतात. रोप कोवळं असतानाच मालकाला विचारून अलगद काढायचं. मोठं झालेलं उपटायला गेलात तर मुळाबरोबर भिंतही हातात येईल. काढलेली रोपं आम्ही फेकत नाही. ती ओढ्याकाठी लावतो. पिंपळाचा काय दोष?

दिवाळीच्या फेरीत भेगा मोजतो. मालकाची परवानगी असेल तर भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीने बारीक खूण करायची आणि शेजारी तारीख घालायची. पुढच्या वर्षी भेग खुणेच्या पुढे गेली की समजायचं, भिंत हलतेय. डॉक्टर तापाचा तक्ता ठेवतात ना, तसंच हे. फोटो दर वर्षी त्याच जागेवरून घ्यायचा. जागा लक्षात राहावी म्हणून वहीत लिहिलेलं असतं, 'पिठाच्या गिरणीच्या उंबऱ्यावर उभं राहून, तोंड उगवतीला'. गिरणीवाले काका आता फेरी आली की उंबरा झाडून ठेवतात!

हिवाळ्यात आजी-आजोबांना भेटायचं, जुन्या गोष्टी लिहून घ्यायच्या. आणि २८ मे रोजी, नगरचा स्थापना दिवस मानतात त्या दिवशी, वर्षाचा अहवाल वाचायचा. दोन पानी. तो मुलंच लिहितात, मुलंच वाचतात. त्यात 'गेलं' हा शेरा आला की वाचणारा थोडा थांबतो. कुणी सांगितलेलं नाही, पण थांबतो.

मागच्या वर्षीच्या अहवालात असे पाच 'गेलं' होते. एका वाड्याची चौकट विकली गेली, कुठल्याशा हॉटेलच्या दाराला लागली असं ऐकलं. एक आड बुजला. एक दीपमाळ रस्ता रुंद करताना हलवली आणि पुन्हा उभी राहिलीच नाही. पण तुम्हाला मला सांगायचंय ते पाचव्या नोंदीबद्दल.

त्याआधी खापरी नळ म्हणजे काय ते समजून घ्या. निजामशाहीत नगर शहराला, बागांना, महालांना पाणी कुठून येई? आसपासच्या उंच भागातल्या विहिरींमधून. कापूरवाडी, शहापूर, वडगाव अशी त्या नळांना गावांची नावं होती. भाजलेल्या मातीचे, म्हणजे खापराचे, नळ एकात एक बसवायचे, सांधे चुन्याने लिंपायचे, वरून दगड-चुन्याचं पांघरूण घालायचं आणि सगळं जमिनीखाली पुरायचं. पंप नाही, वीज नाही. फक्त उतार! हाताच्या बोटाएवढाही उतार चुकला तर पाणी अडलं. नळात हवा कोंडू नये म्हणून मधे मधे उच्छ्वास बांधलेले, म्हणजे हवा बाहेर जायला बुरूज. मैलोन् मैल पाणी नुसतं आपल्या पायांनी चालत यायचं. आज आपल्याकडे नळाला दिवसाआड पाणी येतं, तेव्हा मला त्या कारागिरांची फार आठवण येते!

तर दिवाळीच्या सुट्टीतली गोष्ट. आमच्या समितीत सहावीतला एक मुलगा आहे. त्याचं नाव सांगत नाही, नाहीतर तो माझ्याशी बोलायचा नाही. त्याचे वडील गवंडी. दुसऱ्यांची घरं बांधण्यात आयुष्य गेलं आणि स्वतःचं घर पत्र्याचं. यंदा कर्ज काढून त्यांनी दोन खोल्या बांधायला घेतल्या. पायासाठी आणि शौचालयाच्या खड्ड्यासाठी जेसीबी बोलावला होता. जेसीबीचं भाडं तासावर असतं, हे लक्षात ठेवा.

सकाळी नऊच्या सुमाराला तो मुलगा अनवाणी धावत माझ्या दारात. "बाई, बाई, नळ! खापरी नळ! आमच्यात निघालाय!" मी सुभेदारकाकांना फोन केला आणि गेले. पाहते तर चरात नळ उघडा पडलेला. वरचं चुन्याचं पांघरूण जेसीबीच्या दातांनी सोललेलं. चार-पाच हात लांबीचा तुकडा चुरा होऊन मातीत मिसळलेला आणि पुढचा नळ तसाच, सरळ अंगणाखाली गेलेला. आणि पोरगा? निरोप देऊन माझ्या आधीच घरी पोचलेला आणि चरात उतरून नळावर पालथा पडलेला! वर जेसीबी धडधडतोय.

वडिलांचा पारा चढला होता. चढणारच. ते मला म्हणाले, "आवो बाई, तुमच्या त्या वहीपायी माझं घर थांबवायचं का? तासाचं पैसं तुम्ही देनार का? पावसाळाभर हिची आई पत्र्याखाली गळत्या चुलीवर सैपाक करती. ते लिवलं का कुठं वहीत?"

मुलांनो, मी खरंच गप्प झाले. कारण ते बरोबर होतं. नळ चारशे वर्षांचा असेल, पण त्या माउलीच्या डोक्यावरचं गळतं छप्पर आजचं होतं. आमच्या समितीला कुणाचं काम थांबवायचा काडीचाही अधिकार नाही. आणि असता तरी मला तो वापरता आला असता असं वाटत नाही.

सुभेदारकाका शांतपणे चराच्या काठावर बसले. जेसीबीवाल्याला म्हणाले, "अर्धा तास च्या पिऊन ये, त्याचे पैशे माझ्याकडून." मग टेप काढली. पोराला म्हणाले, "ऊठ आता, टोक धर." दोघांनी मोजायला सुरुवात केली. नळाचा व्यास, खोली, दिशा. मी फोटो घेत होते. वडील हाताची घडी घालून लांब उभे. थोड्या वेळाने तेही चरात उतरले. गवंडीच ते! फुटलेल्या तुकड्याचा सांधा हातात घेतला, नखाने खरवडला. मग थापी आणली, तिच्या टोकाने ठोकलं. चुना निघेना. छिन्नी आणली. टवका उडाला तो खापराचा उडाला, सांधा तसाच. ते बराच वेळ सांध्याकडे बघत बसले. मग कुणाला उद्देशून नाही, असंच म्हणाले, "हा चुना कुनी मळला असंल?"

कुणीच बोललं नाही. मुलगा म्हणाला, "आप्पा, त्याचं नाव वहीत नाहीये."

मग त्यांनी स्वतःच चराच्या बाहेर येऊन पावलं टाकली. एकदा इकडून, एकदा तिकडून. खोल्या जागच्या जागी राहणार होत्या, कारण पाया आखलेला होता. पण शौचालयाचा खड्डा अंगणात, नेमका नळाच्या वाटेवर येत होता. तो त्यांनी लिंबाच्या बाजूला सरकवला. दहा-बारा फूट. पाइपचा खर्च वाढला. बायकोकडे बघून म्हणाले, "चालंल का गं?" ती माउली म्हणाली, "चुलीवरचं छप्पर तेवढं आधी घाला, मग खड्डा कुठं बी न्या."

संध्याकाळी वहीत नोंद करायची होती. मी ती त्या मुलाकडेच दिली. त्याने डाव्या बाजूला लिहिलं, 'खापरी नळ, आमच्या अंगणात.' उजव्या बाजूला दोन ओळी केल्या. पहिलीत, 'पायाखालचा: गेलं.' दुसरीत, 'अंगणातला: आहे, मातीखाली झाकून ठेवला.' 'गेलं' लिहिताना पेन्सिलीचं टोक मोडलं. त्याने ते पुन्हा करून शब्द पुरा केला.

जाणकारांना कळवण्यावरून पुढं आठवडाभर चर्चा झाली. वडिलांना भीती वाटत होती, कुणी येऊन बांधकाम बंद पाडलं तर? आम्ही त्यांच्या मागे लागलो नाही. जोत्यापर्यंत काम आल्यावर एक दिवस तेच शाळेत आले आणि म्हणाले, "लिवा बाई पत्र, मी सही करतो." पत्र, मोजमापं आणि फोटो पाठवले आहेत. उत्तराची वाट पाहतो आहोत.

असली वणवण आपल्याकडे नवी नाही, बरं का. इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव पायपीट करून जुनी दफ्तरं गोळा करत. लोकांना ती रद्दी वाटायची! त्या कागदांतून त्यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' हे खंड काढले, पहिला १८९८ साली. १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झालं, तेही राजवाडे आणि सरदार मेहेंदळे यांच्या पुढाकाराने. आमच्या नगरातही १९६० साली ऐतिहासिक वस्तुसंग्रहालय सुरू झालं. कधी आलात तर जरूर बघा. आणि ज्यांचं नाव आज आमच्या जिल्ह्याला आहे त्या अहिल्यादेवी? त्यांचा जन्म १७२५ सालचा, याच जिल्ह्यातल्या चौंडीचा. काशीपासून सोमनाथपर्यंत किती घाट, किती देवळं, किती विहिरी त्यांनी बांधल्या आणि दुरुस्त केल्या! मुलं म्हणतात, त्या आपल्या समितीत असत्या तर वहीत 'गेलं' हा रकानाच ठेवायला लागला नसता.

आईबाबांनो, एक विनंती तुम्हालाही. माळ्यावरच्या ट्रंकेत मोडीतले कागद असतील, तर ते दिवाळीच्या साफसफाईत रद्दीवाल्याला देण्याआधी एकदा मुलांना दाखवा. आणि वाड्याच्या दगडी भिंतीला सिमेंटचा गिलावा करायचा विचार असेल, तर आधी एखाद्या जुन्या गवंड्याला विचारा. चुना भिंतीतली ओल बाहेर जाऊ देतो. सिमेंट ती कोंडून ठेवतं आणि मग आतून दगडाचे पापुद्रे सुटतात. वरून मात्र भिंत ठणठणीत दिसते!

हे मला कुणी शिकवलं माहीत आहे? त्याच मुलाच्या वडिलांनी. ते आता आमच्या समितीत आहेत. शाळेच्या मागे एक जुना आड आहे, त्याच्या कठड्याचे दोन दगड सैल झालेत. ते ते चुन्यातच बसवून देणार आहेत. मागच्या रविवारी त्यांनी मैदानाच्या कडेला खड्डा केला, चुनकळी टाकली आणि पाणी ओतलं. पाणी असं खदखदा उकळलं, वाफ असा लोट टाकून वर आली! चुना डोळ्यांत उडाला तर डोळे जातात, म्हणून मुलांना लांब, दोरीच्या पलीकडे उभं केलं होतं. पूर्वी अशा चुन्यात वाळू आणि विटांची पूड घालून बैलाच्या घाणीत मळत. कुठं गूळ, कुठं बेलफळाचा गर, कुठं हिरड्याचं पाणी घालत. आमच्याकडे बैल नाही, घाणी नाही. घमेलं आणि फावडं आहे. गूळ मात्र मुलांनी घरून आणलाय. निम्माच शिल्लक आहे.

चुना अजून महिनाभर भिजायला हवा. खड्ड्यावर फळ्या टाकल्यात, फळ्यांवर ओलं पोतं आणि पोत्यावर चार दगड. मधल्या सुट्टीत तो मुलगा रोज जाऊन दगड मोजून येतो.